चांदोबाची सुट्टी

दिवाळीच्या अमावास्येला चांदोबा सुट्टीवर असतो, हे अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. महिनाभर राबायचं आणि एक दिवस घरी बसायचं. आता घरी बसलेला माणूस करणार काय? पत्रं लिहिणार. ज्या पोरांनी वर्षभर गच्चीवरून, खिडकीतून, आईच्या कडेवरून त्याच्याकडे बघितलं, त्यांना तो त्या दिवशी लिहितो. गडद निळा कागद आणि त्यावर रुपेरी अक्षर. पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो, 'आकाश, उगवतीकडून तिसरं दार'. हा पत्ता चुकीचा आहे असं आजवर एकाही पोराने कळवलेलं नाही.

हे अक्षर ज्या हाताचं, तो हात कमलेश भोईरचा. कमलेश बोलायला इतका बुजरा की रिक्षावाल्याला 'थांबव' म्हणायलाही त्याला दोनदा घसा खाकरावा लागतो. तोवर रिक्षा पुढच्या नाक्यावर गेलेली असते. पण हातात ब्रश आला की गडी वेगळाच. एके काळी अंबरनाथमधल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याने रंगवलेल्या होत्या. किराणा, सलून, पिठाची गिरणी, कुणाचंही नाव तो असं काढायचा की मालक रस्त्यापलीकडे उभा राहून स्वतःच्याच दुकानाकडे बघत बसायचा. मग फ्लेक्स आला आणि ब्रशवाल्यांच्या पोटावर पाय आला. कमलेश कुणाशी भांडला नाही. भांडणं त्याच्या स्वभावातच नव्हतं. डबे बंद केले, ब्रश रॉकेलमध्ये धुतले आणि उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये धर्मेशसेठच्या लग्नपत्रिकांच्या प्रेसमध्ये कामाला लागला.

तिथेही त्याची तंद्री काही सुटली नाही. एकदा त्याने नवरदेवाच्या जागी नवरीच्या मामाचं नाव इतकं सुरेख घातलं की चूक कुणाच्या लक्षातच येईना. शेवटी मामाच धावत आला. धर्मेशसेठने कपाळाला हात लावला. "कमलेश, तू आदमी अच्छा है, लेकिन तू इधर रहता नहीं है यार." खोटं नव्हतं ते. कमलेश अर्धा बुवापाड्यात राहायचा, अर्धा दुसरीकडेच कुठेतरी.

त्याची मुलगी राजसी पाच वर्षांची असताना वाळायला लागली. घटाघटा पाणी प्यायची, रात्री अंथरूण ओलं करायची. शेजारच्या बनूबाईने दृष्ट काढली, कुणी अंगारा आणून दिला. एक दिवस ती शिवमंदिराच्या पायरीवर बसल्या बसल्या कलंडली, तेव्हा कुठे डॉक्टर झाला आणि तपासणी झाली. लहान मुलांचा मधुमेह निघाला. या आजारात शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवणंच सोडून देतं, ते रोज सुईने बाहेरून द्यावं लागतं. किती दिवस, असं कमलेशने विचारलं. डॉक्टर म्हणाले, कायम. लोक मात्र शहाणे. 'गोड फार दिलं असेल हो पोरीला,' असं तोंडावर म्हणून गेले. नूतनने, त्याच्या बायकोने, त्या वर्षी अर्ध्या आळीशी बोलणं टाकलं. बरोबरच केलं तिने.

त्या दिवाळीत राजसी सुई दिसली की कपाटामागे जाऊन बसायची. अमावास्येच्या संध्याकाळी तिथूनच तिने विचारलं, "पप्पा, आज चांदोबा कुठे गेला?"

"सुट्टीवर," कमलेश बोलून गेला.

"मग त्याला माझं सांगशील?"

त्याने तिचं सांगितलं की नाही कुणास ठाऊक, पण सकाळी उशाशी निळं पत्र होतं. चांदोबाने लिहिलं होतं की मलाही रोज थोडं थोडं सोलून काढतात, मलाही ते आवडत नाही, पण मी कपाटामागे लपलो तर समुद्राला भरती कोण आणणार? नूतनने ते वाचून दाखवलं. राजसीने बराच विचार केला आणि मांडी पुढे केली.

एवढीच सुरुवात. पुढच्या वर्षी बनूबाईच्या नातवाला पत्र हवं झालं, मग त्याच्या शाळेतल्या पोरांना, मग बदलापूरच्या कुठल्या सोसायटीतल्या बायांना. नूतनने त्याचा धंदाच करून टाकला आणि नाव दिलं, 'चांदोबाचं टपाल'. आईबाप फोनवर मुलाचं नाव, खोड्या, वर्षभरात काय पडलं, काय फुटलं ते कळवतात. नूतन ते लिहून घेते, कमलेश पत्र करतो, राजसी पाकिटावर चांदणी काढते आणि कमलेशचे वडील जनूबाबा खळ लावून पाकिटं चिकटवतात. कागद धर्मेशसेठचा. पत्रिका कापून उरलेल्या निळ्या पट्ट्या तो ठेवून देतो आणि वर म्हणतो, "मून को मेरा राम राम बोलना."

कागद आणि टपालखर्च वजा जाता सगळी मिळकत मुंबईतल्या एका मोठ्या इस्पितळात जाते. लहान मुलांच्या मधुमेहावर तिथे संशोधन चालतं. हे नूतननेच ठरवलं. "पोरीच्या दुखण्यातून आलेला पैसा आपल्या डाळीत नको पडायला," ती म्हणाली, आणि त्यावर घरात चर्चा झाली नाही.

कोजागिरी झाली की भोईरांचं घर वेगळंच होतं. पुनवेनंतरचा चंद्र सकाळी उशिरापर्यंत मावळत नाही. मलंगगडाच्या अंगाला फिकट होऊन रेंगाळत असतो, धुतल्या कपड्यावर राहिलेल्या हळदीच्या डागासारखा. कमलेश पहाटे उठून पत्र्याच्या गच्चीवर पाट मांडून बसतो. खाली नळावर बायांची हंड्यावरून वादावादी चालू असते, एमआयडीसीचे भोंगे होतात, आणि हा वर बघत असतो. चंद्र रोज थोडा कमी होतो. कमलेशला वाटतं, सुट्टीवर जायच्या आधी तो सामान आवरतोय. एक एक वस्तू आत ठेवतोय. मग पेन टेकतं ते कुणाचं आणि लिहितंय कोण, याचा त्याला पत्ता राहत नाही. जो माणूस रिक्षा थांबवू शकत नाही, तो या गच्चीवर भरती-ओहोटीच्या गप्पा मारतो. दात पडलेल्या पोरीला सांगतो की तुझा दात माझ्याकडे पोचला, इथे त्याचा एक डोंगर केलाय. नूतन वर चहा घेऊन आली की कप हळूच ठेवते आणि न बोलता खाली उतरते. त्या वेळी त्याला हाक मारली तर तो पडेल, अशी तिला भीती वाटते.

माणूस इतका वर राहायला लागला की कधीतरी पाय घसरायचाच.

त्याचं झालं असं. परवाच्या नव्हे, त्याच्या आधीच्या दिवाळीच्या तोंडावर कमलेश इस्पितळात पैसे द्यायला गेला होता. एक तरुण डॉक्टरीण होती, अजून कॉलेजात जात असेल अशी दिसायची. तिने त्याला काचेपलीकडची खोली दाखवली. आत पांढऱ्या कोटातली माणसं वाकून काही बघत होती. डॉक्टरीण म्हणाली, "काम चालू आहे, दादा. होईल. एक दिवस नक्की होईल." कमलेश त्या काचेला नाक लावून उभा राहिला. आपल्या निळ्या कागदांचं आत कुठेतरी औषध होतंय, असं त्याला दिसायला लागलं. अगदी दिसायला लागलं. घरी आला तो हवेतच.

त्याच आठवड्यात बदलापूरहून सोनियाबाईंचा फोन आला होता. त्यांच्या तेजललाही राजसीचाच आजार. आठ वर्षांची पोर. खोड्या काही नाहीत, आवडीनिवडी काही सांगत नाही, एकच विचारते, 'माझी सुई कधी सुटणार, ते चांदोबाला विचार.'

कमलेशने लिहिलं, 'पुढच्या दिवाळीपर्यंत सुटेल.'

रुपेरी अक्षरात ते फार सुंदर दिसलं. नूतन प्रत्येक पत्र वाचूनच जनूबाबांकडे देते. हे एक पाकीट मात्र कमलेशने स्वतः चिकटवलं. म्हणजे आत कुठेतरी त्याला कळत होतं. पण कळणं आणि वळणं यांत आपल्याकडे नेहमीच मोठं अंतर.

वर्ष गेलं. तेजलने ते पत्र उशीच्या अभ्र्यात ठेवलं होतं. मोठी झाली, पेनातल्या सुईने स्वतःचं इन्सुलिन स्वतः घ्यायला शिकली, मशीनवरचा साखरेचा आकडा स्वतः वाचून आईला सांगायला लागली. सगळे म्हणाले, किती गुणी पोर! आणि दिवाळी आली. फराळ, पाहुणे, उटणी, कंदील. तेजलने मनाशी हिशेब घातला. चांदोबा म्हणाला सुटेल, म्हणजे सुटली. तरी सुई घेतली तर आपण त्याला खोटं म्हटल्यासारखं होईल. तो सुट्टीवर गेलाय, आल्यावर त्याला काय वाटेल? पोरीचा सगळा जीव त्या विश्वासात गोळा झाला होता. तिने पेन तुळशीच्या कुंडीत रिकामं केलं आणि आईला खोटे आकडे सांगितले. खाल्लंही सगळ्यांसारखं. पाडव्याला ती उलट्या करत होती, श्वास जोरजोरात चालला होता, आणि कैलासराव, तिचे वडील, तिला उचलून रिक्षाच्या मागे धावत होते.

वाचली पोर. चार बाटल्या लागल्या, दोन दिवस आयसीयूत राहिली आणि उठून बसली. पण घरी आल्यापासून पेनाला हात लावेना. आईने धरून टोचावं, बापाने पाय दाबून धरावेत, तिने भिंतीकडे बघत राहावं. रडायचीसुद्धा नाही. सोनियाबाईंनी उशीच्या अभ्र्यात पत्र सापडल्यावर फोन केला. नूतनने फोन स्पीकरवर टाकला होता.

"मी भांडायला नाही केला फोन," सोनियाबाई म्हणाल्या. आवाज थकलेला होता. "डॉक्टर म्हणतात, रोज असं धरून किती दिवस टोचणार? तिने स्वतःहून घ्यायला पाहिजे. ती म्हणते, सगळे खोटं बोलतात. तुम्ही या. ज्याने लिहिलं त्यानेच सांगायला पाहिजे."

कमलेश खाली बसला तो उठेना. त्याला ते पत्र अक्षर न् अक्षर आठवत होतं. एका पोरीचा जीव आपल्या सुंदर अक्षराने घेतला असता, हे त्याला कळलं आणि स्वतःच्या उजव्या हाताची त्याला किळस आली. मग तो म्हणाला, "मी चांदोबाचं दुसरं पत्र लिहितो. माफीचं."

नूतन इतकी वर्षं या माणसाला हाक न मारता जपत आली होती. त्या दिवशी तिने मारली. "अहो, खाली या आता! चांदाने काय केलंय? तो बिचारा गप आहे. केलंय ते तुम्ही. तुम्ही जा, तुमच्या तोंडाने सांगा."

जनूबाबा कोपऱ्यात खळीचं भांडं धरून बसले होते. "चांदाला बी डाग हाय रं पोरा," ते म्हणाले, "पन तो लपवीत नाय. जा तू."

रविवारी तो निघाला. राजसी चप्पल घालून दारात उभीच. तेरा वर्षांची झाली होती, आणि पत्र कोण लिहितं हे तिला केव्हाचं माहीत होतं. तिने कधी बोलून दाखवलं नव्हतं एवढंच. "मी पण येणार," म्हणाली. नको म्हणायला कमलेशने घसा खाकरला, तोवर ती रिक्षात बसली होती.

बदलापूरला कात्रपच्या बाजूला नव्या इमारतींची रांग आहे, त्यांतल्या एका सातव्या मजल्यावर तेजलचं घर. दारावरचा कंदील अजून उतरवलेला नव्हता. तेजल बाल्कनीत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. दूरवर उल्हास नदीची चकाकणारी रेघ आणि वर दुपारचं कोरं आभाळ. हवेत असं काही सुस्त, पांढुरकं होतं की सगळंच स्वप्नात घडत असल्यासारखं कमलेशला वाटलं. एरवी तो त्या स्वप्नात खुशाल शिरला असता. आज तो फरशीवर मांडी घालून तिच्यासमोर बसला, राजसी शेजारी गजाला टेकून बसली.

"तेजल, मी कमलेश. राजसीचा पप्पा. चांदोबाची पत्रं मी लिहितो."

तेजलने त्याच्याकडे नीट बघितलं. शर्टाच्या खिशात पेन होतं, कानशिलावर पांढरे केस. चांदोबाच्या मानाने माणूस फारच साधा निघाला.

"चांदोबा नाही लिहीत?"

"नाही बाळा. मीच. सुई सुटेल हेही मीच लिहिलं. मला तेव्हा तसं वाटलं, पण वाटणं वेगळं आणि खरं असणं वेगळं. मोठी माणसं औषध शोधतायत, ते खरं आहे. ते कधी सापडेल, कुणालाच माहीत नाही. मला माहीत नव्हतं, तरी लिहिलं. तुला बरं वाटावं म्हणून. चुकलं माझं. फार चुकलं."

एवढं लांब तो आयुष्यात कुणापुढे बोलला नव्हता. आतून सोनियाबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या. तेजलने मात्र त्याला सोडून राजसीकडे मोर्चा वळवला.

"आई म्हणाली, तुला पण आहे ना डायबेटीस?"

"हो."

"मग तुझ्या पत्रात पण लिहिलं होतं का, पुढच्या दिवाळीला सुटेल?"

राजसीने बाल्कनीच्या गजावरून बोट फिरवलं. "नाही. मला कधीच नाही लिहिलं." आणि मग, बापाकडे न बघता, "मी दरवर्षी उघडायचे ना, तेव्हा तेच शोधायचे. या वर्षी असेल, या वर्षी असेल. कधी नव्हतंच."

हे कमलेशला माहीत नव्हतं. ज्या पोरीसाठी पहिलं पत्र लिहिलं, तिने दर दिवाळीला त्याचं पाकीट एवढी आशा धरून उघडलं होतं आणि मिटून ठेवलं होतं, आणि हा गच्चीवर बसून आभाळाशी बोलत होता.

"का नाही लिहिलं हिला?" तेजलने विचारलं. खरंच कळत नसल्यासारखं विचारलं तिने. "ही तर तुमची स्वतःची आहे."

कमलेशने उत्तर शोधलं नाही. होतं ते बाहेर आलं. "ही मला रोज दिसते ना. दुसऱ्या दिवशी हिच्यासमोर बसून मलाच सुई भरायची असायची. हिला खोटं लिहायला हातच नाही उचलला माझा."

"मी नव्हते दिसत, म्हणून लिहिलं?"

"हो."

खालून कुणाच्या तरी घरातला कुकर शिट्टी देऊन गेला. राजसीची जेवणाआधीची वेळ झाली होती. तिने पिशवीतून आपलं इन्सुलिनचं पेन काढलं, त्यावरचा मात्रेचा आकडा फिरवला, कुर्ता बाजूला करून पोटात टोचलं, आणि सुई निघेपर्यंत ओठ चावून ठेवला. इतक्या वर्षांनंतरही तिला ते दुखत होतं. तिने ते लपवलं नाही. तेजल टक लावून बघत राहिली. आपल्या इतक्या जवळ बसून, आपल्यासारखं टोचून घेणारं माणूस तिने पहिल्यांदाच बघितलं होतं.

मग ती उठली. आत गेली. फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज आला आणि सोनियाबाईंनी भिंतीला टेकून डोळे मिटले. तेजल पेन घेऊन परत आली, तिने खुर्ची ओढली आणि ती कमलेशच्या अगदी समोर आणून, त्याच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली.

"दिसतेय का आता?" तिने विचारलं.

"दिसतेस," कमलेश म्हणाला.

तेजलने आकडा फिरवला. "मग काका, येत जा," ती म्हणाली, आणि तिने स्वतःच्या हाताने सुई टोचली.